ज्येष्ठांसाठी वेगळं हॉस्पिटल खरंच असतं का?

प्रश्न: माझे सासरे ७९ वर्षांचे आहेत. बीपी एका डॉक्टरकडे, गुडघे दुसऱ्याकडे, प्रोस्टेट तिसऱ्याकडे, गोळ्या रोजच्या दहा-बारा. गेल्या महिन्यात पहाटे बाथरूमला जायला उठले आणि पडले, तेही दोनदा, आणि प्रत्येक डॉक्टर म्हणतो माझ्या बाजूने सगळं नॉर्मल. भाऊ चेन्नईला असतो, तो म्हणतो तिकडे फक्त ज्येष्ठांसाठी सरकारी हॉस्पिटल निघालंय. खरं का? आणि आपल्याकडे का नाही?
– एक सून, कराड

उत्तर: ताई, भाऊ बरोबर सांगतोय. चेन्नईत गिंडीला किंग इन्स्टिट्यूटच्या आवारात २०० बेडचं नॅशनल सेंटर फॉर एजिंग आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालं. तसंच दिल्लीत एम्सला, त्याची पायाभरणी २०१८ ची. आता चेन्नईलाच का, तर डॉ. व्ही. एस. नटराजन ब्रिटनमध्ये जेरियाट्रिक्स, म्हणजे ज्येष्ठांचं वैद्यकशास्त्र, शिकून आले आणि १९७८ मध्ये मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात त्यांनी ज्येष्ठांची नुसती ओपीडी चालू केली, वॉर्ड मिळायला दहा वर्षं गेली, तोही दहा बेडचा, मग १९९६ ला मद्रास मेडिकल कॉलेजात एमडी जेरियाट्रिक्स सुरू झालं म्हणजे या विषयाचे डॉक्टर तिथेच तयार व्हायला लागले, आणि बिल्डिंग पार शेवटी. नाहीतर आपल्याला सवय आधी फीत कापायची आणि मग डॉक्टर शोधत फिरायची!

महाराष्ट्रात अगदीच काही नाही असं नाही हं. २०१०-११ ला केंद्राने ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्यात मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल रीजनल सेंटर म्हणून घेतलंय, आणि जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांची ओपीडी नि १० बेडचा वॉर्ड असावा असंही त्यात आहे. साताऱ्याच्या सिव्हिलला जाऊन सरळ विचारा, कागदावरचं प्रत्यक्षात किती उतरलंय ते तिथेच कळेल.

जेरियाट्रिकवाले वेगळं काय करतात म्हणाल तर माणूस अख्खा बघतात. सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावतात. आता तुमच्याकडचंच बघा, प्रोस्टेटच्या काही गोळ्या बीपीही उतरवतात, वर बीपीची गोळी आहेच, मग पहाटे झटकन उठलं की डोळ्यासमोर अंधारी आणि धाडकन खाली. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर, पण दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचणारं कोणी नाही. जेरियाट्रिकवाले बीपी झोपवून घेतात, मग उभं करून परत, तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर कारण हाती लागण्याची शक्यता खूप. शिवाय खुर्चीतून उठून दहा फूट चालत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका धरतात.

हे तुमच्या नेहमीच्या फिजिशियनलाही करता येतं, त्यामुळे चेन्नईचं तिकीट काढू नका. सगळ्या गोळ्या, अगदी मेडिकलमधून आपणहून आणलेल्या आणि आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत घाला आणि घेऊन जा. स्वतःहून एकही बंद करू नका. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र आजच दाखवा. आणि हो, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला होता?