विशेषाधिकार कोणाचा?

प्रश्न असा आहे: नगरपालिकेच्या एका जमीन व्यवहारावर वकिलाने दिलेला अभिप्राय माहिती अधिकारात मागितला, तर उत्तर आले, ‘सदर अभिप्राय विशेषाधिकारात मोडत असल्याने पुरविता येत नाही.’ इथे ‘विशेषाधिकार’ हा शब्द बरोबर आहे का, की ‘गोपनीय’ म्हणायचे होते?

दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘गोपनीय’ हे कागदाचे विशेषण आहे. विशेषाधिकार कागदाला नसतो, तो कोणाचा तरी असतो. म्हणून हा शब्द दिसला की आधी विचारायचे, कोणाचा?

वकिलाच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. अशिलाने विश्वासाने सांगितलेले आणि आपण त्याला दिलेला सल्ला वकिलाने अशिलाच्या संमतीशिवाय उघड करायचा नाही, असे 1872 च्या पुरावा कायद्यात होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. बंधन वकिलावर, संरक्षण अशिलाला. ‘वकिलाचा विशेषाधिकार’ असे सर्रास लिहिले जाते, ते म्हणूनच चूक. इथे अशील आहे नगरपालिका, आणि वकिलाची फी गेली ती लोकांच्या करातून.

दुसरा विशेषाधिकार शासनाचा, राज्यकारभाराची अप्रकाशित कागदपत्रे न्यायालयात पुरावा म्हणून न देण्याचा. राज नारायण खटल्यात पंतप्रधानांच्या दौऱ्यांतील सुरक्षेच्या नियमपुस्तिकेवर असाच दावा केला होता. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये सांगितले की शासन म्हणते एवढ्यावर विषय संपत नाही, गरज वाटल्यास न्यायालय कागद स्वतः पाहू शकते. 2019 मध्ये राफेल विमान खरेदीच्या कागदपत्रांवरचा विशेषाधिकाराचा दावाही न्यायालयाने फेटाळला.

तिसरा विधिमंडळाचा. वर्तमानपत्रांत रोज भेटणारा ‘हक्कभंग’ तो हाच. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 8(1) मध्ये, म्हणजे माहिती नाकारता येण्याच्या कारणांच्या यादीत, विशेषाधिकाराचा उल्लेख येतो तो संसद आणि विधानमंडळ यांच्यासंदर्भात. वकिलाच्या सल्ल्याचे नावही त्या यादीत नाही.

मग कार्यालये आधार घेतात तो त्याच यादीतल्या ‘विश्वासाश्रित संबंधा’चा, म्हणजे कोणी विश्वासाने सोपवलेली माहिती सांभाळण्याच्या नात्याचा. हा शब्द मला फार आवडतो, कारण कोण कोणावर विसंबून आहे हे तो स्वतःच विचारायला लावतो. वकील अशिलासाठी कागद सांभाळतो, तेव्हा विश्वास अशिलाचा असतो. तोच अभिप्राय नगरपालिकेच्या फाइलीत येऊन पडला की ती कोणाच्या विश्वासाने तो सांभाळते आहे? माझ्या मते तिथे हा शब्द लागू पडत नाही. दावा न्यायालयात चालू असेल आणि सल्ल्यात पुढचे डावपेच असतील, तर तो तूर्त न देण्याला कारण आहे, हे मी मानतो. पण ते कारण तसेच लिहून द्यावे. आणि सूट लागू असली तरी उघड करण्यातले सार्वजनिक हित जास्त असेल तर माहिती देता येते, असे कलम 8(2) सांगते. देता येण्याजोगा भाग वेगळा काढून देण्याची सोय कलम 10 मध्ये आहे.

नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अपिलात जनमाहिती अधिकाऱ्यावरच असते. तेव्हा प्रथम अपिलात एवढे लिहा: ‘उत्तरात म्हटलेला विशेषाधिकार कोणाचा, तो अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली, आणि अभिप्रायाचा कोणता भाग त्यात येतो, हे कळवावे, उर्वरित भाग पुरवावा.’