केमोनंतरचा परदेश प्रवास: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (दादर): पत्नीचं वय 54. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन होऊन आठ महिने झाले. टॅमॉक्सिफेन (कर्करोग परत येऊ नये म्हणून घ्यायची हार्मोनविरोधी गोळी) चालू आहे, डाव्या हाताला अधूनमधून सूज येते. मेमध्ये स्वित्झर्लंडला जायचंय. टूरवाले सवलतीसाठी आत्ताच पूर्ण पैसे मागताहेत, आणि विम्याच्या फॉर्मवर आजार लिहू नका म्हणताहेत.

उत्तर: आजार लिहाच. शेंगेन व्हिसासाठी (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोचा विमा लागतो आणि सर्वांत स्वस्त पॉलिसीनेही ती अट पूर्ण होते, म्हणून टूरवाल्यांना तेवढं पुरतं. तुम्हाला पुरत नाही. परदेशी हॉस्पिटलात पहिला प्रश्न पूर्वीच्या आजाराचा असतो. पत्नी खरं सांगणार, ते केसपेपरवर येणार आणि लपवलेल्या माहितीवरून क्लेम नाकारला जाणार. आधीपासूनचे आजार बऱ्याच पॉलिसींत वगळलेले असतात, किंवा फक्त जीवघेण्या प्रसंगापुरते आणि ठरावीक रकमेपर्यंतच धरलेले असतात. म्हणून कंपनीला ईमेलवर नेमकं विचारा: टॅमॉक्सिफेन चालू असताना पायात रक्ताची गुठळी झाली, तर खर्च मिळेल का? उत्तर लेखीच घ्या. फोनवरचं ‘हो हो, सगळं कव्हर आहे’ क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

गुठळीचंच विचारा म्हटलं, कारण टॅमॉक्सिफेनने तो धोका वाढतो आणि विमानात आठ-नऊ तास बसून आणखी वाढतो. गोळी मनाने बंद करू नका. कडेची सीट घ्या, दर तासा-दीड तासाने उठून फेरी मारा, बसल्या बसल्या घोटे फिरवा, पाणी पीत राहा. दाब देणारे मोजे किंवा रक्त पातळ करणारं इंजेक्शन हवं का, हे ऑन्कॉलॉजिस्ट (कर्करोगतज्ज्ञ) ठरवतील. परतल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवा. एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा किंवा अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

हाताचा स्लीव्ह (सूज आटोक्यात ठेवणारी घट्ट बाही) निघायच्या दोन-तीन आठवडे आधी माप देऊन घ्या आणि घरी रोज काही तास घालून बघा. मनगटाशी काचणारा स्लीव्ह असला की पंजा फुगतो. मग पंजाचा भागही लागतो. युरोपात स्टेशनवर हमाल मिळेलच असं नाही, तेव्हा चार चाकांची बॅग उजव्या हाताने ढकला. डावा हात लाल आणि गरम होऊन ताप आला, तर तो जंतुसंसर्ग समजायचा. त्यासाठीचं अँटिबायोटिक प्रिस्क्रिप्शनसह सोबत असू द्या. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख हे बर्फाळ पर्यटनस्थळ 3,454 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हिमोग्लोबिन आधी तपासून घ्या. कमी असेल तर वर धाप लागते.

राहिले पैसे. पुढची मॅमोग्राफी कधी आहे? एप्रिलअखेर असेल, तर डॉक्टरांना विचारून ती काही आठवडे अलीकडे घ्या. रिपोर्ट हातात आला की मगच पूर्ण पैसे भरा. रद्द केल्यास कोणत्या तारखेनंतर किती कापतात, तेही लेखी मागा. सवलतीपेक्षा ते कोष्टक महत्त्वाचं.

प्रश्न (ठाणे): वडिलांना कॅपेसिटाबीन (केमोची गोळी) चालू आहे, पायांच्या मुंग्यांसाठी प्रीगॅबालिन. लंडनला भावाकडे जायचंय, वाटेत दुबईत तीन दिवस.

उत्तर: बोटं बघा. कॅपेसिटाबीनने तळहात लाल होतात, सोलतात, टोकांवरच्या रेषा पुसट होतात आणि व्हिसा केंद्रातलं मशीन ठसे घेत नाही. अपॉइंटमेंटच्या आधी ऑन्कॉलॉजिस्टकडून ‘औषधामुळे ठसे उमटत नाहीत’ असं इंग्रजी पत्र घ्या. त्या दिवशी हातांना क्रीम नको. औषध थांबल्यावर ठसे बहुधा काही आठवड्यांत परत येतात, पण ठशांसाठी औषध थांबवायचं नाही. तेच पत्र विमानतळावरही हाताशी ठेवा.

प्रीगॅबालिन दुबईत नियंत्रित औषध आहे, ट्रामाडॉल हे वेदनाशामकही. निघण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढा. ब्रिटनमध्ये तीन महिन्यांहून कमी साठा डॉक्टरांच्या पत्रासह नेता येतो. गोळ्या डबीत काढून नेऊ नका. मूळ स्ट्रिप, बिल आणि प्रिस्क्रिप्शन केबिन बॅगेत, एक आठवडा जास्तीचा साठा धरून. पत्रात ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं. आपल्याकडची ब्रँड नावं तिकडच्या डॉक्टरांना कळत नाहीत. जाडजूड फाईल घरी ठेवा. निदान, दिलेले उपचार, शेवटचा डोस, ॲलर्जी आणि डॉक्टरांचा फोन एका पानावर मावतं. ताप 38 सेल्सियस म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला की हॉस्पिटलात जायला सकाळची वाट बघायची नाही, हेही भावाला सांगून ठेवा.

प्रश्न (मुलुंड): केमो संपून दोनच महिने झालेत. केनियाची सफारी जमेल का?

उत्तर: आत्ता नको. केनियाहून परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस जिवंत विषाणूची असते आणि केमोनंतर किमान तीन महिने, काही औषधांनंतर त्याहूनही जास्त काळ घेता येत नाही. घेतल्यावरही प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. प्राणीच बघायचे असतील तर दक्षिण आफ्रिका बघा, पण नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणारं तिकीट घेऊ नका, ती शहरंही पीतज्वराच्या देशांत येतात. दुबई किंवा दोहामार्गे जा. तिथल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या भागात मलेरिया आहे. त्याच्या गोळ्या तुमच्या औषधांशी जुळतात का, हे तिकिटाआधी विचारा.