मराठी ज्यूंना इस्रायलने सहज सामावून घेतलं का? परक्या देशात आपली ओळख किती जपावी?

सहज? अजिबात नाही. भांडून जागा मिळवली. ते भांडण आमच्या घरापर्यंत आलं होतं, म्हणून लिहितोय.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. १९६१ मध्ये बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपची नोकरी सोडून आम्हाला घेऊन इस्रायलमधल्या दिमोनाला आले. वाळवंटात नुकतंच वसवलेलं गाव. बाबांना कापडगिरणीत काम लागलं, राहायला घरही मिळालं. त्याबद्दल तक्रार नाही.

पुढे दादाचं लग्न मोरोक्कोहून आलेल्या घरातल्या मुलीशी ठरलं आणि सगळं अडलं. १९६२ मध्ये मुख्य रब्बी मंडळाचा, म्हणजे इथे ज्यूंच्या लग्नांना मान्यता देणाऱ्या धर्मगुरूंच्या मंडळाचा, आदेश निघाला होता: बेने इस्रायलींपैकी कुणाला समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करायचं असेल, तर त्याच्या मागच्या पिढ्या, विशेषतः आईकडच्या, जमेल तितक्या तपासा. शेकडो वर्षं कोकणात शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र सुट्टीचा दिवस, पाळला आणि इथे येऊन ज्यू असल्याचा दाखला द्यायचा!

आईला एका कचेरीत बोलावलं. तिला हिब्रू येत नव्हतं, म्हणून शाळेत शिकलेल्या हिब्रूच्या जोरावर मी दुभाष्या. समोरच्या माणसाची नजर आधी तिच्या मंगळसूत्राकडे गेली. हे काय, कुठल्या धर्माचं? आई शांतपणे म्हणाली, "हे माझ्या नवऱ्याचं." मग तिने सांगायला सुरुवात केली. तिचं माहेर पेणकर, तिच्या आईचं रोहेकर, आजीचं अष्टमकर, पणजीचं वाकृळकर. एकेक गाव, एकेक घर. तो कागद मागत राहिला. आई म्हणाली, "कागद कसला? शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून अख्खा मुलूख आम्हाला शनिवार तेली म्हणायचा, हे त्याला सांग." मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं नाही.

लग्न लांबलं. १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, बाबाही गेले. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी संसदेत सांगितलं की बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत. नंतर आदेशातून आमच्या समाजाचं नाव वगळलं. त्याआधी १९५२ मध्येही इथल्याच बेरशेबा शहरातली काही बेने इस्रायली कुटुंबं भेदभावाला कंटाळून, निदर्शनं करून भारतात परतली होती. म्हणजे मागितल्याशिवाय काही मिळालं नाही.

आणि लग्न झाल्यावर दादाने काय केलं? आडनाव बदललं. छोटंसं हिब्रू नाव घेतलं. पोरांना त्रास नको म्हणे! अरे, धरण्यावर कोण बसलं होतं? सगळे "कर"च ना? ज्या आडनावांवर आई त्या कचेरीत ताठ उभी राहिली, तसलंच आपलं आडनाव तूच पुसलंस. आजही आमचा हा वाद मिटलेला नाही.

तेव्हा तुम्ही कुठल्याही देशात जा, भाषा शिका, तिथलं अन्न खा, पण आडनाव बदलू नका. लोकांना उच्चार जमत नसेल तर शिकवा, चार वेळा सांगितलं की जमतो. घरात मराठीच बोला. आमच्याकडे मलिद्याच्या, म्हणजे गोड पोह्यांच्या नैवेद्याच्या, ताटाभोवती बसलेल्या नातवंडांना मराठी कळतं, ते आपोआप आलेलं नाही.

एक मात्र खरं, मोरोक्कोवाल्यांनीही इथे कमी सोसलेलं नाही, आणि वहिनीच्या माहेरच्यांनी आमच्याकडे कधी दाखला मागितला नाही. आजच्या पोरांची लग्नं कुठेही होतात. म्हणून दादा म्हणतो, जुनं उगाळू नकोस. मी उगाळणार.