लागॉम: बेताचं नव्हे, बेताने

प्रश्न असा आहे: स्वीडिश 'लागॉम'ला (ना कमी ना जास्त, हवं तेवढं) मराठीत काय म्हणावं, आणि त्यामागची व्हायकिंगांची गोष्ट खरी का?

आधी गोष्ट. मद्याचं शिंग सगळ्या मंडळींत फिरायचं, शेवटच्याला पुरावं म्हणून जो तो बेतानेच घोट घ्यायचा. 'लागेत ऑम', म्हणजे 'मंडळीभर फिरून', याचं 'लागॉम' झालं म्हणे. ऐकायला छान, पण ही मागाहून जुळवलेली व्युत्पत्ती आहे. इथला 'लाग' म्हणजे कायदा, रीत; इंग्रजीतला 'लॉ' नॉर्समधल्या (व्हायकिंगांच्या भाषेतल्या) याच कुळातून आला. जुन्या स्वीडिशमध्ये चतुर्थीच्या अनेकवचनाला 'ऑम' प्रत्यय लागे. म्हणजे 'लागॉम' हे मुळात 'रीतीप्रमाणे', आणि त्यावरून 'हवं तेवढं'. ती विभक्ती प्रमाण स्वीडिशमधून गेली, पण 'लागॉम'मध्ये आणि 'स्टुन्डॉम' (अधूनमधून) सारख्या शब्दांत गोठून राहिली. आपल्या 'कृपया'त संस्कृतची तृतीया राहिलीय, अगदी तशीच.

म्हणूनच हा शब्द लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. मोठं या अर्थाचं विशेषण गाडीसाठी 'स्तूर', घरासाठी 'स्तुर्त', अनेकवचनी 'स्तूरा' होतं. त्याआधीचं 'लागॉम' मात्र जसंच्या तसं. कॉफी लागॉम गरम, पँट लागॉम लांब. 'लागॉम तिल यूल' म्हणजे नाताळाला बरोबर वेळेवर.

सूर मात्र सांभाळावा लागतो. 'लागॉम एर बेस्ट' ही म्हण मनापासूनची आहे, आपल्या 'अति सर्वत्र वर्जयेत्'च्या जवळची. पण 'दे वार लागॉम कूल' असं कुणी म्हणालं तर शब्दशः 'बेताची मजा आली', आणि अर्थ 'काही मजा नाही आली'. नवशिके इथे हमखास फसतात.

आता प्रतिशब्द. 'बेताचं' सहज सुचतं, पण 'परिस्थिती बेताची आहे' यातली ओढाताण 'लागॉम'च्या मूळ अर्थात नाही. 'मध्यम'ही नको, मध्यम मापाचा सदरा मोठ्या माणसाला लागॉम होत नाही. 'माफक' बरा: तोही अरबी 'मुवाफिक'वरून, म्हणजे 'अनुरूप'. पण आज 'माफक अपेक्षा'त तो थोडक्याकडे झुकतो. माझ्या मते सगळ्यांत जवळ जाणारा प्रयोग पाककृतींत सापडतो: 'मीठ चवीपुरतं'. किती ते सांगितलेलं नाही, तरी कमी पडलं किंवा जास्त झालं की लगेच कळतं. म्हणून भाषांतर करताना एकच शब्द धरून बसू नये. मापाला 'बेताने' किंवा 'हवं तेवढं', कपड्याला 'अंगाबरोबर', वेळेला 'नेमकं'.