वाचक विचारतात: धुरा, वणवा, मोहफूल आणि रात्रीची मण्यार

पानगळ झाली की जंगलकाठच्या गावांची पत्रं वाढतात. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि मेळघाटच्या कडेने आलेले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझं शेत राखीव जंगलाला लागून आहे. कापूस निघाला, पऱ्हाटी (कापसाची वाळली झाडं) उभी आहे, धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) वाळलं गवत आहे. दरवर्षी पेटवून देतो. यंदा वनरक्षकाने मना केलं. मग करायचं काय? (वाचक, ता. वरोरा)

वनरक्षकाचं बरोबर आहे. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात आणि जंगलातल्या आगींचा मोठा वाटा माणसाच्याच हातून लागतो. त्यात धुरा जाळणं वरच्या क्रमांकावर. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगल पेटवणं तर गुन्हा आहेच, पण जंगलाला धोका होईल अशी आग पेटती सोडून जाणंही गुन्हाच. अभयारण्याच्या हद्दीसाठी वन्यजीव अधिनियम १९७२ चं कलम ३० वेगळं. त्यामुळे "माझ्याच शेतात लावली होती" हे म्हणणं फारसं कामी येत नाही.

पऱ्हाटीसाठी सरळ उपाय म्हणजे ट्रॅक्टरचा श्रेडर. तुकडे मातीत जातात आणि त्यात दडलेली गुलाबी बोंडअळीही मरते. धुऱ्यावरचं गवत विळ्याने कापून शेताच्या मध्यात आणा. जंगलाच्या बाजूने दहा फूट पट्टा वखरून काळी माती उघडी करा. हा पट्टा तुमच्या आगीपासून जंगल वाचवतो आणि जंगलातल्या आगीपासून तुमचं कुटार (गुरांचा वाळला चारा)ही.

जाळल्यावाचून गत्यंतरच नसेल तर हंगाम सुरू व्हायच्या आधी, वनरक्षकाला सांगून जाळा. ढीग कंबरेपेक्षा उंच नको आणि एका वेळी एकच. वेळ सकाळी सात ते नऊ. दहानंतर वारा उठतो. संध्याकाळी वारा पडतो म्हणून अनेक जण तेव्हा जाळतात, पण मग निखारे रात्रभर राखेखाली राहतात, दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याने फुलतात आणि तोवर शेतात कोणी नसतं. राख पाणी टाकून फावड्याने उलथा, पुन्हा पाणी टाका. तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन पाहा. ऊब लागली तर विझलेली नाही.

जंगलात धूर दिसला तर आधी कळवायचं की आधी विझवायला धावायचं? उपग्रहावरून कळतं म्हणतात, मग आम्ही फोन कशाला करायचा? (संयुक्त वन व्यवस्थापन समिती, ता. चिखलदरा)

आधी फोन. उपग्रहावरून कळतं हे खरं आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींचे संदेश वनखात्याला पाठवते. पण ज्या उपग्रहांवर हे मुख्यतः चालतं ते आपल्या डोक्यावरून दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या सुमारास जातात. तीन वाजता लागलेली आग त्यांना रात्री दिसणार, तोवर तिने टेकडी ओलांडलेली असते. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, तिच्याबरोबर तुमच्या वनरक्षकाचा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा. सांगताना नाला, पाणवठा, कंपार्टमेंट (जंगलाचा भाग) नंबरचा दगड अशी खूण द्या. "त्या टेकडीकडे" म्हटल्यावर गाडी भलतीकडेच जाते.

मग विझवणं. आपल्या सागवानी जंगलातली आग बहुतेक जमिनीवरच्या पाल्याची असते, गुडघ्याएवढी. ती हिरव्या फांदीने विझते, पण फांदी डोक्यावर उचलून आपटली की ठिणग्या पुढच्या पाल्यावर पडतात. फांदी आगीवर दाबायची आणि जळालेल्या बाजूकडे ओढायची. सुरुवात आगीच्या शेपटाकडून, म्हणजे मागच्या बाजूने, आणि कडांनी करायची, तोंडासमोर उभं राहायचं नाही. ज्वाळा कंबरेच्या वर गेल्या की फांदीचं काम संपलं. रायमुनियाच्या (घाणेरीच्या) झुडपांत आणि वाळल्या बांबूत हे हमखास होतं. बांबूची पेरं फुटतात आणि पेटते तुकडे उतारावरून खाली लोळत येतात. अशा वेळी मागे सरकून रस्ता, नाला किंवा जाळरेषा (आग अडवायला साफ ठेवलेला पट्टा) गाठा आणि तिथला पाला झाडून मातीपर्यंत सहा-सात फूट पट्टा साफ करा. पाला उडवणारं यंत्र, म्हणजे ब्लोअर, असेल तर दहा माणसांचं काम दोघांत होतं, फक्त पाल्याचा झोत आगीकडे नको. समोरून उलटी आग लावायचा निर्णय वन कर्मचाऱ्यांनाच घेऊ द्या. वारा फिरला की ती तुमच्याच अंगावर येते.

मेळघाटच्या चढांसाठी एक गोष्ट खास. आग चढावर पळते, कारण वरच्या पाल्याला ज्वाळेची धग आधीच लागून तो तापलेला असतो. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधी उभं राहू नका आणि सुटायचं असेल तर चढावर पळू नका. आडवे सरका, कोरडा नाला गाठा किंवा जळून काळ्या झालेल्या जागेत शिरा. जे एकदा जळलं ते पुन्हा पेटत नाही. अंगात सुती कपडे, पायात बूट. टेरिकॉट, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. ओला रुमाल नाकाला बांधला तर राख अडते, बारीक धूर अडत नाही. दम्याच्या माणसाला पाणी पोचवायला ठेवा, आगीजवळ नको. वर आग्यामोहोळ असेल तर धुराने ते उठणार हेही धरून चला.

आग विझल्यावर सगळे घरी जातात, आणि इथेच बिघडतं. दोन माणसं थांबवा. कडेपासून वीस-तीस फूट आतपर्यंतची खोडं, बुंधे आणि पोकळ झाडं तपासायला हवीत. पोकळ झाड आतून तासन् तास जळतं, मग कोसळून ठिणग्या रेषेपलीकडे टाकतं. त्याच्या खाली बसू नका.

आमच्या गटातल्या बाया पहाटे चारला मोह वेचायला जातात. उशीर केला तर गुरं खातात. वाघ आणि अस्वल दोन्ही आहेत. (महिला बचत गट, ता. सिंदेवाही)

पहाटे चार ही वेळ वाघाची आहे आणि मोहासाठी येणाऱ्या अस्वलाचीही. वाकून वेचणारी बाई मागून जनावराएवढीच दिसते. उभ्या माणसावर वाघ सहसा येत नाही, वाकलेल्यावर किंवा बसलेल्यावर येतो. म्हणजे अंधारात जायची आणि वाकायची गरज, दोन्ही कमी करायला हव्यात.

झाडाखाली संध्याकाळी जुन्या साड्या शिवून किंवा शेडनेट अंथरा. फुलं त्यावर पडतात, मातीत मळत नाहीत आणि उजाडल्यावर चार कोपरे उचलले की काम होतं. गुरांसाठी भोवताली काटेरी फांद्या टाका. स्वच्छ फुलाला भावही बरा मिळतो. पाला जाळून जागा साफ करू नका, खराट्याने एका बाजूला ओढा. वणव्यांचं हे दुसरं मोठं कारण आहे आणि जळलेल्या मातीवरची फुलं काळी पडतात ती वेगळीच.

जायचं तेव्हा निदान पाच जणी, सूर्य उगवल्यावर. एकीने वेचायचं नाही, काठी घेऊन उभं राहायचं, झुडपाकडे तोंड करून. ही पाळी फिरती ठेवा आणि तिचा वाटा पूर्ण द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणीच उभं राहत नाही. बोलत राहा. अस्वलाची नजर आणि कान बेताचे असतात, दचकलं की ते अंगावर येतं.

वाघ दिसलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका, बसू नका. हात वर करून ओरडत, एकमेकींना धरून मागे सरका. अस्वल भिडलंच तर ते तोंडावर आणि डोक्यावर घाव घालतं, म्हणून पालथं पडून दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफा आणि ते निघून जाईपर्यंत उठू नका. जखम लहान असली तरी साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात रेबीजची लस व गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) घ्या. जंगली जनावराच्या चाव्यालाही हे लागू आहे. लस फक्त कुत्र्याची असते, हा समज अनेकांच्या अंगाशी आला आहे.

धानाच्या जागलीला (रात्रीच्या राखणीला) खाली झोपतो. शेजारच्या गावात एक जण झोपेतच गेला, अंगावर चाव्याची खूणही नव्हती म्हणतात. (शेतकरी, ता. अर्जुनी मोरगाव)

वर्णन मण्यारीचं वाटतं. ती रात्री फिरते, उंदरामागे घरात, खोपटात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वास बंद पडतो. जमिनीवर झोपलेला माणूस पोटदुखी आणि मिटत्या पापण्यांनी उठला तर खूण शोधत बसू नका, साप समजूनच निघा.

बचाव सोपा आहे. मचाण किंवा खाट वापरा, वर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. नुसती लोंबती मच्छरदाणी डास अडवेल, साप नाही. धान्याची पोती आणि तणस (धानाचा पेंढा) झोपायच्या जागेपासून दूर ठेवा.

चावा झाला तर अंगठी, कडं, बांगड्या काढा. हात-पाय फळीने स्थिर बांधा, पण रक्त अडेल अशी दोरी आवळू नका. घोणस, म्हणजे आपला परड, चावल्यावर आवळलेला पाय सडतो. चिरू नका, चोखू नका. माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा. गाडी लांब असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालय गाठा आणि चाव्याची वेळ सांगा. साप मारून नेण्याची गरज नाही, कारण आपल्याकडची सापाच्या विषावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात आणि लेकरालाही मोठ्या माणसाइतक्याच, कारण साप विष वय बघून सोडत नाही.

रानडुकरांसाठी तारेत लाइनचा करंट सोडतात. सौर कुंपणही करंटच ना? (वाचक, ता. देसाईगंज)

नाही. लाइनचा २३० व्होल्ट प्रवाह सतत वाहतो, माणूस तारेला चिकटतो आणि मरतो. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो, वाघ मेला तर वन्यजीव कायदा. सौर कुंपणाचं यंत्र बॅटरीवर चालतं आणि साधारण सेकंदाला एक, क्षणाच्या अंशाचा झटका देतं. चिकटायच्या आत प्रवाह थांबलेला असतो. "झटका बसत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा दोन कारणांनी येते: तारेला गवत टेकलेलं असतं किंवा अर्थिंगची सळई कोरड्या मातीत असते. गवत कापा आणि उन्हाळ्यात सळईपाशी आठवड्याला दोन घागरी पाणी ओता.

वाघाने गाय मारली. मांस कुजेल म्हणून पुरून टाकली, आता भरपाई नाही म्हणतात. (वाचक, ता. रामटेक)

पंचनाम्याला मृत जनावर जागेवर लागतं. पुढच्या वेळी ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा, मढ्यावरची नखं-दातांची खूण आणि पगमार्क (वाघाच्या पावलाचे ठसे) झाकून ठेवा, फोटो काढा. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, आधार आणि बँक पासबुक तयार ठेवा. मढं हलवू नये याला दुसरंही कारण आहे: शिकार गेली तर वाघ लवकरच दुसरं जनावर मारू शकतो. त्यावर विष टाकण्याचा विचारही नको.

तेंदूपत्ता तोडायच्या हंगामात चक्कर येते, ताप चढतो. (वाचक, ता. गोंडपिपरी)

उजाडल्यावर निघून दहाला परता. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात. नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दर वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागो न लागो. माणूस बरळायला लागला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही.

पावसाळ्यानंतरचा ताप मात्र वेगळा. गवतात, झुडपांत काम करणाऱ्याला ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये चार-पाच दिवस न उतरणारा ताप असेल तर काख, जांघ, कंबरपट्टा तपासा. बिडीने चटका दिल्यासारखा काळा खपलीचा डाग दिसला तर डॉक्टरला दाखवून स्क्रब टायफसबद्दल विचारा. हा आजार गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो आणि डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, पण टायफॉइड समजून दिलेल्या सलाइनमध्ये आठवडा गेला तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं धरतात. डाग प्रत्येकाला दिसतोच असं नाही. त्यामुळे गवतात काम केलं होतं हे डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा.