गोव्यात एकच मोकळी दुपार आहे. नौदलाचं विमान संग्रहालय बघावं का?

जा. नक्की जा.

तुम्ही विचारलंय की दहा वर्षांच्या मुलाला घेऊन दाबोळीजवळच्या, बोगमाळो रस्त्यावरच्या संग्रहालयात जाण्यात अर्थ आहे का, वेळ किती लागेल, आणि शेवटी एक वाक्य जोडलंय: "जुनी, न उडणारी विमानं बघून नेमकं काय मिळतं?" वेळेचं वगैरे खाली लिहिते. पण उत्तर लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यामुळे. आमच्या घरात याच वाक्यावरून वर्षानुवर्षं वाद चाललाय.

माझे बाबा नौदलात विमानांचे मेकॅनिक होते. 71 च्या युद्धानंतर भरती झाले, कोचीत शिकले आणि नोकरीचा मोठा भाग आयएनएस हंसावर, म्हणजे दाबोळीलाच, आणि जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर अलिझे विमानांच्या देखभालीत गेला. अलिझे हे पाणबुड्या शोधणारं फ्रेंच विमान. नाकावर एकच प्रोपेलर, आत तिघांची जागा आणि पोटातून खाली उतरणारा रडारचा घुमट. दिसायला सी-हॉक या लढाऊ जेटसारखं देखणं नाही, म्हणून लोक त्याच्यासमोर थांबत नाहीत. मला याचा राग येतो.

बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, रत्नागिरीत हायस्कुलात शिक्षक होते. गणपतीत घर भरलं की कुणीतरी पाहुणा हमखास विचारायचा, "हे नेव्हीत होते ना? विमान चालवायचे?" बाबांनी तोंड उघडायच्या आत काका सांगून मोकळे, "छे छे, तो नटबोल्टचे पाने फिरवायचा." सगळे हसायचे, बाबाही हसायचे. मला लहानपणापासून ते हसू सहन व्हायचं नाही.

काही वर्षांपूर्वी वास्कोला एका लग्नाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मी हट्टानं दोघांनाही संग्रहालयात नेलं. काका गाडीतच म्हणाले, "भंगार बघायला तिकीट कशाला काढायचं?" आत गेल्यावर मात्र त्यांच्यातला मास्तर जागा झाला. प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायची: इंजिन अमुक, वेग अमुक, पल्ला अमुक. सी-हॉकच्या मागे जाऊन त्यांनी विचारलं, "याचा धूर निघतो कुठून? शेपटीला तर भोकच नाही." बाबांनी त्यांना हाताला धरून पंखाच्या मुळाशी नेलं. सी-हॉकच्या इंजिनाचा झोत मधेच दोन वाटांना फुटतो आणि धडाच्या दोन्ही बाजूंनी, पंख जिथे जोडलेत त्याच्या मागून बाहेर पडतो. त्यामुळे शेपटीकडचा भाग इंधनाला मोकळा राहतो. हे पाटी वाचून कळलं नसतं.

मग बाबा अलिझेकडे गेले आणि आमचा तास दीड तास तिथेच गेला.

त्यांनी आधी पंखाचा सांधा दाखवला. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख तिथून दुमडायचे. मग शेपटीखालचा आकडा. विमान डेकवर टेकलं की हा आकडा आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत अडकायला हवा, नाहीतर वैमानिकाला पूर्ण जोर देऊन लगेच पुन्हा हवेत उठावं लागतं, नाही जमलं तर विमान समुद्रात. मग एका जोडाजवळ वाकून नटांना पीळ देऊन बांधलेली बारीक तार दाखवली. लॉकिंग वायर. ती अशा बाजूनं ओढून बांधायची की नट कंपनानं सैल व्हायला लागला तर तार त्याला उलट घट्ट करण्याच्या दिशेनं खेचेल. चुकीच्या बाजूनं बांधली तर दिसायला अगदी तशीच दिसते आणि उपयोग शून्य. बाबा म्हणाले, "हे तपासणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा असायचा, आणि रात्री टॉर्चच्या उजेडात बघायचा."

खाऱ्या हवेचंही सांगितलं. समुद्रावरून आलेलं विमान गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, नाहीतर अॅल्युमिनियमला आतून पांढरी पूड धरते आणि पत्रा कागदासारखा होतो. जहाजावर माणसांच्या अंघोळीच्या पाण्याला रेशन असायचं, विमानाच्या पाण्याला नसायचं.

तोवर कॉलेजची पाच-सहा मुलं येऊन उभी राहिली होती. त्यातल्या एकानं विचारलं, "काका, तुम्ही यात कुठे बसायचात?" मी श्वास रोखून मोठ्या काकांकडे बघितलं. बाबा शांतपणे म्हणाले, "मी बसायचो नाही. मी याला उडायला सोडायचो." आणि मग त्यांनी पान्याची गोष्ट सांगितली, जी मीही ऐकलेली नव्हती. काम संपलं की हत्यारं मोजायची, हा नियम. एका रात्री एक छोटा पाना कमी भरला. पहाटे विमान जायचं होतं. पाना विमानात राहिला असेल आणि विमान वळवणाऱ्या कंट्रोलच्या तारांत अडकला, तर वर गेलेली तीन माणसं परत येणार नाहीत. म्हणून बंद केलेली सगळी झाकणं पुन्हा उघडली. बऱ्याच वेळानं एक नवा पोरगा पुढे आला. पाना त्याच्याच डांगरीच्या खिशात होता.

काकांनी पटकन विचारलं, "मग? झोडपला असेल त्याला."

"नाही दादा. कुणी ब्रसुद्धा काढला नाही. तो स्वतःहून बोलला ना? ओरडलो असतो तर पुढच्या वेळी कुणी बोललं नसतं."

चाळीस वर्षं वर्गात छडी घेऊन उभा राहिलेला माणूस यावर काहीच बोलला नाही. मला वाटलं, आता विषय संपला. पण परतीच्या वाटेवर काका म्हणालेच, "सगळं खरं, तरी उडवलं दुसऱ्यांनीच."

तेव्हा वयाचा मान ठेवून मी गप्प बसले. त्याचं उत्तर इथे देते, कारण तुमच्या प्रश्नाचंही तेच आहे.

71 च्या डिसेंबरात विक्रांत बंगालच्या उपसागरात होती तेव्हा तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता, त्यामुळे जहाजाचा वेग कमी झाला होता. डेकवरून विमान फेकायला समोरून वारा लागतो, आणि जहाज हळू चाललं की तो वारा कमी मिळतो. तरीही 4 डिसेंबरला तिची सी-हॉक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर गेली, मग चितगाववर, आणि अलिझे रात्रीसुद्धा उडत राहिली. वैमानिकांचं शौर्य मोठंच होतं, त्याला कोण नाही म्हणतं? पण उतरलेलं विमान काही तासांत पुन्हा जाण्यालायक करून देणारी माणसं त्याच जहाजाच्या पोटात, उकाड्यात, झोपेशिवाय काम करत होती. आणि प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक विमानाची वही बघतो, त्यात कुणाची तरी सही असते. त्या सहीवर विश्वास ठेवून तो आत बसतो. उडवणारा एक, सोडणारे अनेक. माझ्या हिशोबात दोघांनीही ते विमान उडवलं.

न उडणाऱ्या विमानाकडून मिळतं ते हेच. उडतं विमान दोन मिनिटांत डोक्यावरून निघून जातं. थांबलेल्या विमानाच्या पोटाखाली जाऊन प्रत्येक सांधा, प्रत्येक झाकण बघता येतं, आणि प्रत्येक झाकण कुणीतरी हातानं उघडलेलं असतं.

आणि ही विमानं उरलीत म्हणून बघायची. जुनी विक्रांत 2001 पासून मुंबईत संग्रहालय होती. शाळांच्या सहली जायच्या. 2012 मध्ये ती लोकांसाठी बंद झाली आणि 2014 मध्ये भंगारात गेली. एवढ्या मोठ्या शहराला, एवढ्या श्रीमंत राज्याला एक जहाज सांभाळता आलं नाही, हे मला आजही पटत नाही. तिच्या डेकवर आता मुलाला नेता येणार नाही. तिच्यावर उतरायची तशी विमानं दाबोळीला आहेत, ती तरी दाखवा.

अलिझे सोडून काय बघायचं? आवारातलं भलंमोठं, तीन शेपट्यांचं विमान म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाचं प्रवासी विमान, पुढे हवाई दलाकडे गेलं आणि 1976 मध्ये समुद्रावर पाळत ठेवायला नौदलाकडे आलं. चार इंजिनं, प्रत्येकाला 18 सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. मुलाला एकूण प्लग मोजायला सांगा आणि मग विचारा, हे सगळे साफ कोण करत असेल. दाबोळीच्याच धावपट्टीवर, गोवा मुक्तीच्या वेळी, 18 डिसेंबर 1961 ला आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी बॉम्ब टाकले होते. पोर्तुगीजांचं एक कॉन्स्टेलेशन तरीही त्या रात्री अंधारात उरलेल्या पट्टीवरून निसटलं.

शॉर्ट सीलँडही चुकवू नका. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं हे छोटं विमान, आपल्या नौदलाच्या विमानांची 1953 मधली सुरुवात यानंच झाली. जगात एकूणच 25 च्या आसपास बनली, आता उरलीत ती बोटांवर मोजण्याइतकी. सी-हॅरियर या लढाऊ जेटच्या बाजूचे चार फिरते झोत-नळे बघा. तेच खाली वळवून ते जागच्या जागी उतरायचं. 1983 च्या डिसेंबरात पहिली तीन गोव्यात आली आणि 2016 मध्ये गोव्यातूनच निवृत्त झाली.

आतली दालनं चांगली आहेत, पण आधी बाहेरचं बघा. लोक उलटं करतात, आत दमतात आणि बाहेर फोटो काढून निघतात. अर्ध्या तासात उरकायचं असेल तर जाऊच नका, दोन अडीच तास द्या.

आता राहिलेल्या गोष्टी. सोमवारी बंद असतं. विमानं उघड्यावर उभी आहेत, त्यामुळे उन्हाळ्यात भर दुपारी मूल कंटाळेल. शक्य असेल तर दुपारऐवजी सकाळ काढा. पावसात छत्रीनं भागत नाही. पंखांवर, चाकांवर मुलांना चढवू नका. बरेच आईबाप चढवतात आणि मला त्यांना ओरडावंसं वाटतं. नौदलात असलेला कुणी नातेवाईक, शेजारी ओळखीचा असेल तर त्याला बरोबर न्या, तो स्वयंपाकी असला तरी चालेल.

मुलाला विमानाच्या आत शिरायचंच असेल तर मात्र गोव्यापेक्षा विशाखापट्टणम बरं. तिथे समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर टीयू-142 हे समुद्रावर पाळत ठेवणारं मोठं रशियन विमान ठेवलंय, त्यात आतून चालत जाता येतं. गंमत म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन आणि टीयू-142 एकाच स्क्वाड्रनची, 312 ची. दिल्लीला गेलात तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात 71 मध्ये क्षेपणास्त्र लागूनही परत आलेल्या सुखोई-7 या लढाऊ विमानाचा फाटका मागचा भाग बघा. तो बघून कुणी वैमानिकाचं कौतुक केलं तर मीही करेन. पण एवढं फाटल्यावरही ते विमान घरापर्यंत आलं, यात ते रोज तपासून देणाऱ्यांचाही वाटा होता, हे मोठ्या काकांना मी येत्या गणपतीत पुन्हा सांगणार आहे.