आयईटीएफमध्ये भारतातून भाग घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. महापे इथल्या डेटा सेंटरमध्ये बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत) आणि पीअरिंगचं (नेटवर्कं थेट जोडण्याचं) काम करणाऱ्या माणसाला आयईटीएफमध्ये, म्हणजे इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संघटनेत, भाग घ्यायचा असेल तर सरकारची किंवा कंपनीची नेमणूक लागते का, पहिला ड्राफ्ट, म्हणजे प्रस्तावाचा मसुदा, कोणत्या विषयावर लिहावा, आणि परदेशी जाणं परवडत नसेल तर काही उपयोग आहे का.

नेमणूक लागत नाही. आयईटीएफमध्ये देशाला जागाच नसते. १९८६ साली सुरू झाल्यापासून तिथे औपचारिक सभासदत्व नाही आणि तांत्रिक निर्णयासाठी मतमोजणी होत नाही. जो बोलतो तो स्वतःच्या नावाने बोलतो. आयटीयूचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेचं, तसं नाही. तिथे सरकारं बसतात, आणि भारताची भूमिका दूरसंचार विभाग व त्याच्या टीईसी या तांत्रिक केंद्राच्या राष्ट्रीय कार्यगटांतून ठरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत झालेली डब्ल्यूटीएसए ही आयटीयूची मानकीकरणाची परिषद होती. मोबाईल नेटवर्कची मानकं ठरवणारं ३जीपीपी आणखी वेगळं: तिथे कंपनी किंवा संस्था सभासद लागते, तीही टीएसडीएसआय या भारतीय मानक संस्थेसारख्या भागीदारामार्फत. त्या वाटेने भारताने ५जीआय हे ५जीचं स्वतःचं रूप पुढे आणलं. २०२१ मध्ये आयटीयूने ते स्वीकारलं आणि पुढे ते ३जीपीपीच्या सतराव्या रिलीजमध्ये सामावून घेतलं गेलं. ते काम मोठं होतं, पण एकट्या इंजिनिअरने आज संध्याकाळी घरी बसून सुरू करण्यासारखं नव्हतं. आयईटीएफचं काम तसं सुरू करता येतं.

आता दुसरा प्रश्न. पहिलं वर्षभर ड्राफ्ट लिहूच नका. आपल्याकडून, विशेषतः कॉलेजांतून, जाणारे बरेच ड्राफ्ट इथेच फसतात. नवा प्रोटोकॉल सुचवलेला असतो, पण तो कोणाची अडचण सोडवतो ते कुठेच लिहिलेलं नसतं. ड्राफ्ट कोणीही चढवू शकतो, त्याला परवानगी लागत नाही, आणि नवी आवृत्ती आली नाही तर १८५ दिवसांनी तो कालबाह्य होतो. बायोडेटात त्याला ‘आयईटीएफ मानक’ म्हणणं चुकीचं आहे. आरएफसी, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या तांत्रिक दस्तऐवजाचा, क्रमांक मिळाला म्हणजेही मानक झालं असं नाही. माहितीपर, प्रायोगिक आणि आयईटीएफबाहेरच्या स्वतंत्र प्रवाहातल्या आरएफसीही असतात.

तुमच्याकडे जे आहे ते म्हणजे चालत्या नेटवर्कचा अनुभव, आणि आयईटीएफच्या कार्यगटांना नेमकी त्याचीच वाण पडते. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात रात्रीच्या मेंटेनन्स विंडोत राऊटर हाताळणाऱ्यांना जे दिसतं, ते प्रयोगशाळेत बसून मजकूर लिहिणाऱ्याला दिसत नाही. तुमच्या कामाचे गट तीन: ग्रो (जागतिक राउटिंग चालवणं), सिडरऑप्स (राउटिंगची सुरक्षा) आणि व्ही६ऑप्स (आयपीव्ही६ चालवणं). तिन्हींच्या मेलिंग लिस्ट आत्ताच घ्या, पण एकच नीट वाचा.

या गटांत लहान दस्तऐवज किती उपयोगी पडतो त्याचं उदाहरण म्हणजे २०१६ ची आरएफसी ७९९९. डीडॉस हल्ल्यात (असंख्य यंत्रांकडून एकाच वेळी होणाऱ्या वाहतुकीच्या माऱ्यात) एखाद्या आयपीकडे येणारी सगळी वाहतूक वरच्या प्रोव्हायडरकडेच टाकून द्यायची असेल, तर प्रत्येक प्रोव्हायडरची कम्युनिटी (रूटला लावायची आकड्यांची खूण) वेगळी असायची. या आरएफसीने ६५५३५:६६६ ही एकच ठरवून दिली. तांत्रिकदृष्ट्या एका आकड्याचा मामला, पण त्याच्या आजूबाजूचा मजकूर ऑपरेशन्सच्या अनुभवातून आलेला आहे: असा रूट स्वीकारणाऱ्याने त्याला नो-अ‍ॅडव्हर्टाइज किंवा नो-एक्सपोर्ट ही पुढे न पसरवण्याची खूण लावावी, नाहीतर तो /३२ (एकाच आयपीचा रूट) भलत्याच नेटवर्कांत पसरतो. २०१८ च्या आरएफसी ८३२६ मध्ये ६५५३५:० ही ग्रेसफुल शटडाउनची कम्युनिटी आहे. लिंक मेंटेनन्सला घेण्याआधी रूटवर ती लावायची, समोरचा लोकल प्रेफरन्स (त्या वाटेची पसंती) ० करतो, वाहतूक दुसऱ्या वाटेने वळते आणि मगच सेशन खाली घ्यायचं. तुमच्या राऊटरच्या कोणत्या आवृत्तीत हे मूळचं येतं, कोणत्या आवृत्तीत पॉलिसी हाताने लिहावी लागते, समोरच्याने कम्युनिटी गाळून टाकली तर काय होतं, हे तुम्ही आज सांगू शकता. चालू ड्राफ्टवर अशीच निरीक्षणं हवी असतात.

रिव्ह्यूची मेल अशी लिहा. ड्राफ्टचं नाव आवृत्तीसकट द्या, कारण शेवटचे दोन अंक बदलले की मजकूर बदललेला असतो. कलमाचा क्रमांक द्या, मूळ वाक्य उद्धृत करा. त्याखाली हे वाक्य जसंच्या तसं राबवलं तर काय बिघडेल ते दोन-तीन ओळींत सांगा, आणि शेवटी ‘जुना मजकूर’ व ‘नवा मजकूर’ असं जोडीने देऊन पर्यायी वाक्य सुचवा. पर्यायी वाक्य दिलेली सूचना लेखक पुढच्या आवृत्तीत उचलतात. नुसतं ‘हे अस्पष्ट आहे’ बऱ्याचदा तसंच राहतं. साधा मजकूर पाठवा, उत्तर मूळ ओळीखाली लिहा, ग्राहकाचे आयपी आणि एएस (नेटवर्कची ओळख सांगणारे) क्रमांक काढून टाका. लिस्टचं संग्रहण कायमचं सार्वजनिक असतं.

‘माझा पाठिंबा आहे’ एवढीच मेल पाठवू नका, आणि ऑफिसातल्या आठ जणांकडून तर मुळीच पाठवू नका. आरएफसी ७२८२ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असले तरी सहमती झालेली नसू शकते. त्या पाचांच्या आक्षेपाला तांत्रिक उत्तर मिळालं का, एवढंच गटाचे अध्यक्ष पाहतात. भारतातून माणसं कमी आहेत म्हणून आपला आवाज पोचत नाही, ही तक्रार म्हणूनच मला पटत नाही. एक मुद्देसूद आक्षेप पुरतो, फक्त त्याला जोडून येणाऱ्या चार प्रश्नांची उत्तरं द्यायला पुढचे महिनाभर हजर राहावं लागतं. आपली बरीच माणसं पहिल्या मेलनंतर गप्प होतात, आणि अडतं ते तिथे.

कंपनीची नेमणूक नको असली तरी लेखी परवानगी घ्या. लिस्टवर लिहिलेलं आणि बैठकीत बोललेलं सगळं ‘नोट वेल’ या आयईटीएफच्या सहभागाच्या अटींत येतं. तुमच्या सूचनेवर तुमचं किंवा कंपनीचं पेटंट आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे, तर ते जाहीर करणं बंधनकारक आहे. कंपनीच्या मेलखाली आपोआप चिकटणारी ‘हा मजकूर गोपनीय आहे’ ही तळटीप तर सार्वजनिक लिस्टवर विसंगतच. शिवाय डोमेनचं डीमार्क (बनावट मेल रोखण्याचं) धोरण कडक असेल तर लिस्टला तुमचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून मेल पुढे सोडावी लागते. वैयक्तिक पत्ता वापरा, दोन्ही कटकटी टळतात.

देवनागरीचाही एक विषय सांगतो, कारण तो मराठी माणसाखेरीज फारसं कोणाला खटकत नाही. ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: यू+०९३१ आणि हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे हा अदृश्य जोडक देऊन. डोमेन नावांच्या २००३ च्या नियमांत हा जोडक गाळला जायचा, म्हणजे दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं ‘दऱ्या’ थेट ‘दर्या’ व्हायचं. २०१० च्या आरएफसी ५८९२ ने हलन्तानंतर जोडक चालेल असा संदर्भनियम दिला. रूट झोनमध्ये, म्हणजे डोमेन नावांच्या सर्वात वरच्या पातळीवर, मात्र तो आजही चालत नाही. त्या पातळीचे नियम डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेकडे ठरतात. देवनागरीसह नऊ लिप्यांचे नियम सुचवण्यासाठी तिथे निओ-ब्राह्मी गट होता. ब्राउझर, मेल सर्व्हर आणि लॉगिंगची साधनं या दोन रूपांना कशी वागवतात याच्या पद्धतशीर चाचण्या करून नोंदी प्रसिद्ध करणं हे वाशी-नेरूळच्या कॉलेजातल्या मुलांना अंतिम वर्षाच्या प्रकल्पात सहज जमेल, आणि वापरणाऱ्यांच्या खरोखर कामी येईल.

प्रवासाचं म्हणाल तर गरज नाही. वर्षातून तीन बैठका होतात, आशिया, युरोप, उत्तर अमेरिका अशा आलटून पालटून, आणि तिन्हींत ऑनलाइन बसता येतं. ऑनलाइन शुल्क परवडत नसेल तर नोंदणी करतानाच माफी मागायची सोय आहे. वेळेचं गणित आधी करा. बँकॉकला सकाळी साडेनऊ वाजता आपले आठ वाजलेले असतात. जुलैत व्हिएन्नाला असेल तर दुपारचा एक, म्हणजे ऑफिसातून तासभर मागून घ्यावा लागेल. नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला असेल तर रात्रीचे अकरा, आणि शेवटचं सत्र संपेपर्यंत उजाडतं. सगळा आठवडा जागू नका, आपल्या गटाची दोन सत्रं धरा. निर्णय तसेही लिस्टवर पक्के होतात, खोलीतल्या सहमतीलाही तिथे दुजोरा घ्यावा लागतो.

ड्राफ्टची वेळ आली की मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुराच्या लेखनपद्धतीत) लिहून क्रामडाउन-आरएफसी या साधनाने एक्सएमएल बनवा आणि चढवण्याआधी आयडीनिट्स या तपासणीच्या साधनाने तपासा. गटाने स्वीकारल्यापासून आरएफसी होईपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात, तेव्हा सहलेखक असा निवडा जो तेवढा काळ टिकेल. एकट्याने वाचन होत नसेल तर ठाणे-वाशी मार्गावरच्या चार-पाच जणांनी पंधरवड्याला एक ड्राफ्ट वाचावा, मेल मात्र ज्याने त्याने स्वतःच्या नावाने पाठवावी. बैठकीच्या साधारण दोन आठवडे आधी ड्राफ्ट चढवण्याची मुदत संपते आणि त्या सुमारास नव्या आवृत्त्यांचा पूर येतो. पहिलं वाचन त्याच आठवड्यात ठेवा, कारण तेव्हा आलेल्या सूचनेवर लेखकाला बैठकीतच बोलावं लागतं.